मुलगी परत आल्यावर : माणसांचा व्यापार आणि आपली तयारी

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात महिला मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



 

विषय अवघड आहे. वर्धापन दिन म्हणजे आनंदाचा दिवस, खीरदान, मुलांची गाणी, गुणवंतांचा सत्कार. त्यात हा विषय कशाला, असं काही ज्येष्ठांना वाटलं. त्यांचं वाटणं चुकीचं आहे असं आम्ही म्हणत नाही. पण वर्षातून एकदाच एवढी घरं एका छताखाली बसतात. हा विषय चार बायकांनी कोपऱ्यात कुजबुजण्याचा राहिला, म्हणूनच तो इतकी वर्षं जिथल्या तिथे आहे.

विषय आहे माणसांच्या खरेदी-विक्रीचा. नोकरी देतो, लग्न लावून देतो, सिनेमात काम मिळवून देतो असं सांगून मुली-मुलांना घरातून काढायचं आणि विकायचं. आणि त्यातही आम्हाला बोलायचं आहे ते एका छोट्या भागाविषयी. अशा मुलीची सुटका झाली की तिच्या आयुष्यात एकामागून एक माणसं येतात. पोलीस येतात, डॉक्टर-नर्स येतात, वसतिगृहाच्या अधीक्षिका, वकील, समुपदेशक, शाळेतल्या बाई, आणि शेवटी शेजारीपाजारी. या माणसांना त्या मुलीशी वागायचं कसं हे कुणी शिकवलेलं असतं का? आम्ही मंडळातल्या काही जणी अशा प्रशिक्षणाला बसलो. आमच्यात एक निवृत्त परिचारिका आहे, एक बालवाडी शिक्षिका आहे, बाकीच्या तुमच्या-आमच्यासारख्या गृहिणी. तिथे जे शिकलो ते विहारात सांगणं आमचं काम आहे असं वाटलं.

आपण रोज पंचशील म्हणतो. पण उपासकाने कोणते धंदे करू नयेत हेही भगवंतांनी सांगून ठेवलं आहे. अंगुत्तर निकायात असे पाच व्यापार दिले आहेत. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यातल्या दुसऱ्याला पालीत ‘सत्तवणिज्जा’ म्हणतात, आणि अट्ठकथेत त्याचा अर्थ माणसांची विक्री असाच दिला आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही हा धंदा होता, आणि तेव्हाही तो उघड शब्दांत निषिद्ध ठरवला गेला होता. पुढे बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष असताना जे संविधान तयार झालं, त्याच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोन्हींवर एकाच वाक्यात बंदी घातली. लक्षात घ्या, दोन्हींवर. जरीच्या कारखान्यात बारा-चौदा तास बसवलेला बिहारचा पोरगा आणि कोठ्यावर विकलेली मुलगी, दोघंही त्या एकाच अनुच्छेदात येतात.

आता आपल्या भागाचं बोलू. भायखळ्याचा पूल ओलांडला की नागपाडा, आणि त्याच्या पलीकडे कामाठीपुरा. इथून चालत निघालं तर अर्ध्या तासाच्या आत. आपल्यातल्या कित्येकांनी लहानपणी ‘त्या बाजूने जाऊ नको’ एवढंच ऐकलं. का जायचं नाही, तिथे कोण राहतं, ती माणसं तिथे आली कुठून, हे कुणी सांगितलं नाही.

बाबासाहेबांनी मात्र त्या बाजूच्या बायकांना बोलावून घेतलं होतं. १९३६ सालची गोष्ट. मे महिन्याच्या अखेरीस मुंबई इलाखा महार परिषदेत धर्मांतराचा निर्धार झाला होता. त्यानंतर जेमतेम पंधरवड्याने, १६ जून १९३६ रोजी, परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातील देवदासी, जोगतिणी, मुरळ्या, वाघे, पोतराज यांची सभा झाली. हे लांच्छनाचं जिणं सोडा, तरच आमच्याबरोबर या, असं बाबासाहेबांनी त्यांना रोखठोक सांगितलं. ते सोडल्यावर पोट कसं भरायचं, हा प्रश्न त्या बायका विचारतील हेही त्यांनी त्याच भाषणात ओळखलं होतं. 

हे भाषण आपण जयंतीला आठवतो, आणि आठवायलाच हवं. पण आम्हाला असं वाटतं की त्या दिवशी हॉलमधून बाहेर पडलेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या दारात उभी राहिली असेल, आणि त्या दारातल्या माणसाने तिच्याशी काय बोलणं केलं असेल, याचाही विचार व्हायला हवा. ते दार आपलं असतं. समाज म्हणून ते उत्तर आपल्याकडून येणं आहे.

साठ वर्षांनी काय झालं ते बघा. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत पोलिसांनी कोठ्यांवर मोठे छापे घातले आणि चारशेहून अधिक मुली-स्त्रियांना बाहेर काढलं. त्यातल्या दोनशेच्या वर नेपाळच्या होत्या. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. पण छापा घालायची जेवढी तयारी होती, तेवढी नंतरची नव्हती. एवढ्या मुली ठेवायच्या कुठे? सरकारी वसतिगृहं खचाखच भरली. मुलींची भाषा वेगळी. कागदपत्रं नाहीत म्हणून नेपाळ सरकारने त्यांना परत घ्यायला टाळाटाळ केली. एचआयव्हीच्या तपासण्या झाल्या, आणि त्यावरून अशी चर्चा झाली की जणू या मुली म्हणजे माणसं नव्हेतच, रोगाची पोतडी आहेत. सुटका फेब्रुवारीत झाली, आणि नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतल्यावर १२८ मुली काठमांडूला पोहोचल्या त्या जुलैमध्ये. म्हणजे पाच महिने ‘सुटलेल्या’ मुली कोंडूनच होत्या.

आणि त्यातून निघालं काय? त्याच मुलींपैकी काही जणींनी त्याच वर्षी नेपाळमध्ये ‘शक्ती समूह’ नावाची संघटना उभी केली. या व्यापारातून बाहेर आलेल्या स्त्रियांनी स्वतः चालवलेली. सन २००० मध्ये ती रीतसर नोंदली गेली आणि २०१३ साली तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या मुंबईतल्या कोठ्यांतून बाहेर काढलेल्या मुली! त्यांना आपण इथे ‘बिचाऱ्या’ म्हणत होतो. त्यांना दया दाखवणारे पुष्कळ होते. त्यांचं ऐकून घेणारं माणूस हवं होतं.

कामाठीपुऱ्यातही ऐकून घेणारी माणसं होती, हे सांगायलाच हवं. प्रीती पाटकर आणि प्रवीण पाटकर यांनी १९८६ मध्ये ‘प्रेरणा’ ही संस्था सुरू केली. त्यांना दिसलं की रात्री आई धंद्यावर असताना पोरं जातात कुठे? कुणी खाटेखाली, कुणी रस्त्यावर, आणि दलालाची नजर त्यांच्यावरच. आईला विचारलं तर ती म्हणते, माझं झालं ते झालं, पोरीला यातून काढा. म्हणून १९८८ मध्ये त्यांनी तिथल्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर काढलं. दिवसाची पाळणाघरं जगात भरपूर, रात्रीचं असं हे पहिलंच म्हणतात. आम्हाला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की गरज काय आहे हे आधी आईला विचारलं.

याच ‘प्रेरणा’च्या याचिकेवर २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. पूर्वी व्हायचं काय, की छाप्यात अल्पवयीन मुलगी सापडली की दुसऱ्या दिवशी एक वकील आणि एक ‘मावशी’ हजर. मुलगी आमची, ताब्यात द्या. वकिलाची फी कोण देतंय? घरवाली. मुलगी संध्याकाळी पुन्हा त्याच पिंजऱ्यात. न्यायालयाने सांगितलं की अल्पवयीन मुलीला बाल कल्याण समितीपुढेच न्यायचं, आणि दलाल-घरवालीच्या बाजूने उभा राहणारा वकील मुलीचा वकील म्हणून चालणार नाही. आज हे साधं वाटतं. पण हे माहीत नसलेला हवालदार किंवा अधीक्षिका त्या मावशीच्या रडण्याला आजही फसू शकते. प्रशिक्षण लागतं ते इथे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पोलिसांचं आणि संस्थांचं काम. आम्ही नोकरदार, घर-संसारवाली माणसं, आमचा काय संबंध? संबंध कायद्यानेच जोडला आहे. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला मुंबईत सगळे ‘पिटा’ म्हणतात, त्यात लिहिलं आहे की झडती घेताना त्या भागातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावेत आणि त्यांत किमान एक स्त्री असावी. पुढे, सोडवलेल्या स्त्रीचं काय करायचं हे ठरवताना दंडाधिकाऱ्यांना पाच प्रतिष्ठित व्यक्तींचं मंडळ मदतीला बोलवता येतं, आणि शक्य असेल तिथे त्यांत तीन स्त्रिया असाव्यात. हे प्रतिष्ठित रहिवासी म्हणजे कोण? कायद्यात बंगला-गाडीची अट नाही. बीआयटी चाळीतली निवृत्त शिक्षिका, ताडवाडीतला गिरणीत आयुष्य घालवलेला माणूस, विहाराचा सचिव, हे सगळे त्यात बसतात. पण बोलावणं आलं की आपण काय करतो? दार लावून घेतो. कोर्टाची पायरी नको. मग पंच म्हणून तेच ते ठरलेले लोक उभे राहतात आणि खटला कोसळतो.

कोर्टाचं नाव निघालं म्हणून सांगतो. पिटाच्या खटल्यांचं विशेष न्यायालय आपल्या माझगावलाच आहे. २०१९ मध्ये मालाडमधून सोडवलेल्या तीन तरुणींचं प्रकरण तिथे आलं. तिघीही प्रौढ. त्यांना वर्षभर संस्थेत ठेवावं असा आदेश झाला. त्या वरच्या न्यायालयात गेल्या, आणि सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या निकालाने तो आदेश रद्द केला. प्रौढ स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध अशी डांबून ठेवता येणार नाही, कुठे राहायचं आणि काय काम करायचं हे ठरवण्याचा तिला अधिकार आहे, असं म्हटलं. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, या स्त्रियांशी पोलिसांनी सन्मानाने वागावं, छाप्याच्या वेळी त्यांचे फोटो छापू नयेत, आणि प्रौढ स्त्रियांना इच्छेविरुद्ध संस्थांत ठेवू नये, अशा सूचना दिल्या.

या निकालावर आमच्या मंडळातच वाद झाला, तो लपवत नाही. काही जणी म्हणाल्या, मग बाबासाहेबांनी सांगितलेलं काय? त्यांनी तर ‘सोडा’ म्हटलं. आमच्या समजुतीप्रमाणे यात विरोध नाही. बाबासाहेबांनी त्या बायकांना बोलावलं, समोर बसवलं आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. कुलूप लावून कुणाला धम्मात आणलं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत मात्र प्रश्नच येत नाही. तिची ‘संमती’ ही संमती नव्हेच. तिथे बाल कल्याण समिती आणि २०१२ चा पॉक्सो कायदा.

विनयपिटकात एक कथा आहे, चुल्लवग्गात. आम्रपाली सगळ्यांना माहीत आहे, अड्ढकासी फारशी नाही. ही काशीची गणिका. तिने तो मार्ग सोडला, भिक्षुणी झाली, पण पूर्ण उपसंपदा घ्यायला तिला श्रावस्तीला भगवंतांकडे जायचं होतं. गुंडांना हे कळलं आणि ते वाटेत दबा धरून बसले. तिने निरोप पाठवला की मी येऊ शकत नाही, काय करू? त्या काळचा नियम होता की समोर यायलाच हवं. भगवंतांनी नियम बदलला. दूताकरवी उपसंपदा घेता येईल असं सांगितलं. बाई सुरक्षित रस्त्याने येऊ शकत नसेल तर व्यवस्थेने तिच्यापर्यंत जायचं! पण कथा इथे संपत नाही. दूत म्हणून कुणालाही पाठवू लागले, तेव्हा त्यांनी तेही थांबवलं. भिक्खू नको, शिकाऊ नको, अजाण अननुभवी बाई नको. ‘व्यत्ता’ आणि ‘पटिबला’, म्हणजे जाणती आणि समर्थ भिक्षुणीच दूत म्हणून जाईल. आमच्या प्रशिक्षणात तीन दिवस जे सांगितलं ते या दोन शब्दांत आहे. मनाने चांगलं असणं पुरत नाही, काम यायला लागतं.

आता ते काम म्हणजे काय, थोडं तपशिलाने सांगतो.

मुलगी समोर आली की पहिल्यांदा पाणी, बसायला जागा, अंगावर घ्यायला काही, आणि ‘इथे तुला कुणाची भीती वाटते का’ हा प्रश्न. ‘तू तिथे गेलीसच कशी’ हा प्रश्न नाही. आपल्या तोंडी तोच पहिला येतो, कारण आपल्याला उत्सुकता असते. तिची कहाणी तिने दहा जणांना दहा वेळा सांगायची नसते. एकदा, एका जाणत्या माणसाला, तिच्या भाषेत. बंगाली, नेपाळी, तेलुगू बोलणारी मुलगी असेल तर दुभाषी लागतो, आणि तो दुभाषी त्याच कोठ्यावरची बाई नसावी, ही साधी गोष्ट पुष्कळदा सुटते.

ती खोटं बोलेल. नाव खोटं सांगेल, वय बावीस सांगेल, कारण तेच तिला पाठ करून घेतलेलं असतं. घरवालीला ती आई म्हणेल. ‘मला परत जायचंय’ असंही म्हणेल, कारण तिच्या डोक्यावर कर्ज आहे असं तिला सांगितलेलं आहे, किंवा तिचं लेकरू तिथे आहे. न शिकलेला माणूस म्हणतो, हिलाच सवय लागली आहे. शिकलेला माणूस विचारतो, तिथे तुझं कोण राहिलंय? या एका प्रश्नाने पुष्कळ गाठी सुटतात.

लहान मुलीला ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. मग वचन मोडतं आणि विश्वासही. आणि तिचं नाव, फोटो, चाळीचा पत्ता बाहेर जाऊ देणं हा गुन्हा आहे. चाळीच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘या ताईसाठी मदत करा’ म्हणून फोटो टाकणारे भले लोक हेच करतात.

दवाखान्याबद्दल आमच्या परिचारिका भगिनीने आग्रहाने सांगायला लावलं आहे. मुंबईत २००१ साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्था यांनी ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. अत्याचार झालेल्या स्त्रीला ओळखायचं कसं, तिच्याशी बोलायचं कसं, हे तिथल्या डॉक्टर-नर्सना शिकवलं गेलं, आणि मग हे केंद्र महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेलं. २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने लैंगिक अत्याचारानंतरच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात संमती घेतल्याशिवाय तपासणी नाही, आणि ती जुनी अपमानास्पद दोन बोटांची तपासणी बंद. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा ठणकावून सांगितलं की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. उपचार सरकारी असो की खाजगी, कुठल्याही रुग्णालयात मोफत मिळायला हवेत. कुणी ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ म्हणालं तर तिथेच उभं राहून बोला.

पोलिसांविषयी आपल्या मनात अढी आहे, ती कारणाशिवाय नाही. पण मुंबई पोलिसांकडे १९८४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या मदतीने स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, तिथे प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या बसतात. चौकीत जाताना एकट्या जाऊ नका. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला आणि मुलाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. बलात्काराला बळी पडलेल्या स्त्रीला आणि लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाला राज्याच्या ‘मनोधैर्य’ योजनेतून अर्थसाहाय्य मिळतं, त्याचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो.

आता आपल्या घराचं. पोर हरवलं की लोक अजूनही सांगतात, चोवीस तास थांबा, येईल. थांबायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्येच सांगितलं आहे की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा मानवी व्यापार आहे असं धरूनच तपास करायचा. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक घरातल्या पोरांना तोंडपाठ असू द्या. तो १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाला. तातडीला ११२.

मुलगे सुटलेत असं समजू नका. गेल्या काही वर्षांत शिकल्यासवरल्या पोरांना थायलंडला कॉम्प्युटरची नोकरी म्हणून नेऊन म्यानमार-कंबोडियात कोंडलं, आणि मारहाण करून त्यांच्याकडून फोनवर लोकांना फसवण्याचं काम करून घेतलं. गोदी, धक्का, बोटीवरच्या नोकऱ्या यांच्याशी आपल्या घरांचा जुना संबंध. परदेशी नोकरीचं नाव काढलं की आपण भुलतो. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे आधी तपासा. पासपोर्ट आणि मूळ सर्टिफिकेटं ‘ठेवून घेतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कामाठीपुरा आता आटत चालला आहे, इमारती पाडून नव्या उभ्या करायच्या हालचाली आहेत. धंदा आटलेला नाही, तो भाड्याच्या फ्लॅटमध्ये, लॉजमध्ये आणि फोनमध्ये शिरला आहे. म्हणजे आता छाप्यापेक्षाही शेजाऱ्याच्या लक्षात येण्यावर जास्त अवलंबून आहे. वरच्या मजल्यावर कामाला ठेवलेली मुलगी कधी खाली दिसत नाही, शाळेत जात नाही, तिच्या गावचं कुणी येत नाही, एवढं ज्याला दिसतं तो शेजारी.

म्हणून समितीपुढे आमची मागणी आहे, आणि अध्यक्षांनी ती तत्त्वतः मान्य केली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाल्यावर दीड तास विहाराचं सभागृह या प्रशिक्षणासाठी मिळावं. पहिल्या तुकडीत आपल्या भागातल्या बालवाडीच्या शिक्षिका, अंगणवाडी सेविका, आशाताई, आणि टॅक्सी चालवणारे बांधव यांना बोलवायचं ठरलं आहे. टॅक्सीवाले का, असं कुणी विचारलं. तर रात्री भायखळा किंवा सीएसएमटी स्टेशनबाहेर गाडीतून उतरलेली गोंधळलेली पोर सगळ्यांत आधी त्यांनाच दिसते. दुसऱ्या तुकडीत पंच म्हणून उभं राहायची तयारी असलेले स्त्री-पुरुष. त्यांना पंचनामा म्हणजे काय, सही करण्याआधी काय वाचायचं, कोर्टात उलटतपासणीत काय होतं, हे आमच्यातलेच वकिली करणारे तरुण समजावून सांगतील. वही विहाराच्या कार्यालयात ठेवली आहे. नाव नोंदवताना दिवसपाळी की रातपाळी तेही लिहा, म्हणजे वेळ ठरवायला सोपं जाईल. बायकांनी लहान पोरांना बरोबर आणलं तरी चालेल, मागच्या खोलीत त्यांना सांभाळायला मंडळाच्या दोघी थांबणार आहेत.